आपलं काम कुठवर? स्टोइक विचार, कोकणच्या हिशेबाने

फेब्रुवारी संपता संपता देवगड किंवा रत्नागिरीच्या बागायतदाराला ‘यंदा आंबा कसा?’ असं विचारलंत तर सरळ उत्तर मिळत नाही. तो आधी आभाळाकडे बघतो. मोहोर चांगला आला होता, पण थंडी लांबली, त्याच झाडाला पुन्हा मोहोर फुटला आणि धरलेली बारीक फळं गळली. तुडतुड्यासाठी फवारण्या झाल्या, त्यांची उधारी अजून दुकानात आहे. आता मळभ आलंय. एवढं सगळं निभावून पेट्या वाशीला गेल्या तरी दर दुसराच कुणी ठरवणार, आणि पट्टी (विकलेल्या मालाचा हिशेब) हातात पडेपर्यंत काही बोलायची सोय नाही.

ज्या कामात घाम आपला आहे पण शेवट आपल्या हातात नाही, ते काम कसं करावं आणि करताना डोकं कसं ठिकाणावर ठेवावं? दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीस आणि रोममधल्या काही मंडळींनी या प्रश्नावर आयुष्यं घालवली. त्यांना स्टोइक म्हणतात. हल्ली त्यांची चलती आहे. रील्समध्ये, ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपच्या सुप्रभात संदेशांत त्यांची वाक्यं फिरतात. सांगितलं जातं ते बहुतेक एवढंच, की जे हातात नाही ते सोडून द्या आणि दगडासारखे घट्ट राहा. मला हे स्टोइकांचं निम्मंसुद्धा वाटत नाही. ‘माझ्या हातात काय आहे’ हा त्यांचा पहिला प्रश्न खरा, पण त्याच्या मागोमाग दुसरा येतो: ‘इथे माझं काम काय आहे?’ दुसरा गाळला की पहिल्याची पळवाट होते.

आधी माणसं कोण होती ते थोडक्यात. सुरुवात समुद्रात बुडालेल्या मालापासून झाली, निदान गोष्ट तशी सांगतात. सायप्रस बेटावरच्या किटियन गावचा झेनो हा व्यापारी जांभळ्या रंगाचा महागडा माल घेऊन निघाला होता. अथेन्सच्या बंदराजवळ जहाज फुटलं. तो शहरात आला, एका पुस्तकविक्याच्या दुकानात बसला, तिथे सॉक्रेटिसबद्दलचं वाचन ऐकलं आणि विचारलं, अशी माणसं भेटतात कुठे? पुढे इ.स.पू. ३००च्या सुमारास त्याने स्वतःच शिकवायला सुरुवात केली, बाजारालगतच्या एका चित्रं रंगवलेल्या लांब पडवीत. पंथाचं नाव त्या पडवीवरून, ग्रीकमधल्या ‘स्टोआ’वरून, पडलं. त्याच्यामागे गादी आली क्लीअँथिसकडे. हा गडी रात्री लोकांच्या बागांना पाणी काढून द्यायचा आणि दिवसा तत्त्वज्ञान शिकायचा.

आज वाचली जातात ती मात्र रोमन काळातली तीन माणसं. सेनेका हा बडा श्रीमंत दरबारी, नीरो बादशहाचा शिक्षक. त्याच नीरोच्या हुकमावरून इ.स. ६५मध्ये त्याला स्वतःचा जीव द्यावा लागला. एपिक्टेटस हा गुलाम म्हणून वाढलेला, पायाने अधू. सुटका झाल्यावर शिक्षक झाला, आणि रोममधून तत्त्वज्ञांना हाकललं तेव्हा ग्रीसमधल्या निकोपोलिसला जाऊन शाळा चालवू लागला. त्याने स्वतः काही लिहिलं नाही. एरियन नावाच्या विद्यार्थ्याने त्याची व्याख्यानं उतरवून घेतली. तिसरा मार्कस ऑरेलियस, इ.स. १६१ ते १८० या काळातला रोमचा सम्राट. साथीचा रोग आणि डॅन्यूब नदीवरची युद्धं चालू असताना तो स्वतःपुरती टिपणं ग्रीकमध्ये लिहीत होता. एक गुलाम, एक दरबारी, एक सम्राट. (सेनेका-एपिक्टेटसच्या त्याच शतकात इजिप्तकडून आलेली जहाजं आपल्या चौल, कल्याण, सोपाऱ्याशी व्यापार करत होती. तेव्हा ही माणसं आपल्याला वाटतात तितकी लांबची नाहीत.)

आता मूळ मुद्दा. एपिक्टेटसच्या छोट्या पुस्तिकेची सुरुवातच अशी आहे: काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात. हातात असतं ते आपलं मत, आपला कल, आपण काय करायचं ठरवतो ते. हातात नसतं ते शरीर, मालमत्ता, लोकांतलं नाव, पद. वाचणारा लगेच दोन रकाने पाडतो आणि आयुष्यातली एकेक गोष्ट इकडे नाहीतर तिकडे टाकायला लागतो. नोकरी इकडे, पाऊस तिकडे. गडबड तिथेच होते, कारण ही रेघ दोन गोष्टींच्या मधून जात नाही, ती एकाच गोष्टीच्या पोटातून जाते.

हापूसचा साका घ्या. फळ बाहेरून सोन्यासारखं, वास घमघमाट, आणि कापलं की आत पांढरट, स्पंजासारखा, आंबूस गर. बाहेरून बघून ओळखता येत नाही. साका कमी व्हावा म्हणून झाडाखाली गवताचं आच्छादन घालतात, फळ झाडावर पूर्ण पिकायची वाट न बघता साधारण ८५ टक्के तयार झालं की झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) देठासकट उतरवतात, उतरवलेलं उन्हात तापू देत नाहीत. हे सगळं करूनही एखाद्या पेटीत दोन फळं साक्याची निघतातच, आणि नेमकी ती पुण्याच्या त्या गिऱ्हाइकाकडे जातात जो फोटो काढून ग्रुपवर टाकतो.

यात हातात काय आणि हाताबाहेर काय? आच्छादन घालणं हातात. साका न निघणं हाताबाहेर. फोटो आल्यावर गिऱ्हाइकाला काय उत्तर द्यायचं, हे पुन्हा हातात. म्हणजे हाताबाहेरचा भाग मधे आहे आणि दोन्ही बाजूंना आपलंच काम आहे. ‘साका काय माझ्या हातात आहे?’ असं म्हणून फोन न उचलणारा बागायतदार स्टोइक नाही, तो फक्त फोन न उचलणारा बागायतदार आहे.

जुन्या स्टोइकांपैकी अँटिपेटर तिरंदाजाचं उदाहरण देत असे. नेम धरणं, दोरी ताणणं, बाण सोडणं हे तिरंदाजाचं. सुटलेला बाण वाऱ्याचा. लक्ष्य लागावं म्हणूनच सगळं करायचं, पण तिरंदाजी चांगली झाली की नाही हे लक्ष्यावरून ठरवायचं नाही. पैसा, तब्येत, चांगलं नाव यांच्याबद्दल स्टोइकांचं म्हणणं असंच आहे. मिळालं तर घ्यावं, त्यासाठी झटावंही. पण मिळाल्याने माणूस चांगला ठरत नाही आणि गेल्याने वाईट ठरत नाही. पट्टी कमी आली म्हणजे बागायतदार नालायक, असं नाही. हे वाक्य सोपं वाटतं, पण कर्जाचा हप्ता समोर असताना ते स्वतःला पटवणं फार जड जातं. म्हणूनच ते लोक याला ‘सराव’ म्हणायचे, नुसता विचार नाही.

एपिक्टेटसने जहाजाचं उदाहरणही दिलंय आणि किनाऱ्यावरच्या माणसाला ते जास्त भिडावं. समुद्रप्रवासात मला काय करता येतं? कप्तान निवडता येतो, खलाशी, दिवस, वेळ निवडता येते. पुढे वादळ आलं तर? माझं काम मी केलंय, आता विषय कप्तानाचा.

हर्णै बंदरातल्या तांडेलाला, म्हणजे मासेमारी बोटीच्या कप्तानाला, हे ऐकवा. तो म्हणेल, वादळ आलं की तर माझं काम सुरू होतं. दोघांचंही बरोबर आहे. एपिक्टेटस प्रवासी म्हणून बोलतोय, तांडेल तांडेल म्हणून. म्हणजे हातातलं आणि हाताबाहेरचं यांच्यातली रेघ सगळ्यांना एकाच जागी पडत नाही. तुम्ही कोण म्हणून उभे आहात त्यावर ती सरकते. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला असताना बोट बाहेर काढायची की नाही हा प्रश्न निर्णय घेणाऱ्यांचा आहे. बर्फ भरलाय, डिझेलचे पैसे गेलेत, १ जूनपासून बंदी लागणार म्हणजे हातात मोजके दिवस, मालक फोनवर कटकट करतोय. समुद्र कसाही असो, त्या क्षणी ‘नाही, बोट जाणार नाही’ म्हणणं तांडेलाच्या हातात असतं. आणि खलाशाच्या बायकोच्या हातात ते नसतं. तिने हवामान हाताबाहेरचं मानावं, मालकाने मानून चालणार नाही. सल्ला देणारे हा फरक विसरतात, म्हणून एकच वाक्य सगळ्यांना चिकटवत सुटतात.

भूमिकेबद्दल एपिक्टेटस वेगळं आणि नेमकं बोललाय. तू नाटकातला नट आहेस, असं समज, तो म्हणतो. नाटक छोटं की मोठं, तुला भिकारी दिलाय की अधिकारी, हे ठरवणारा दुसरा. दिलेलं पात्र चांगलं वठवणं तेवढं तुझं. सिंधुदुर्गात दशावतार बघितलेल्या माणसाला हे अर्ध्या वाक्यात समजावं. रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा, असं दशावताऱ्यांबद्दल म्हणतात. रात्रभर मंडपात मुकुट घालून गर्जना केलेला माणूस पहाटे रंग पुसून पेटारा उचलतो आणि पुढच्या गावच्या वाटेला लागतो. पण मला त्यातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. दशावतारात लिहिलेले संवाद नसतात. कथानक ठरलेलं, पात्र ठरलेलं, पण बोलायचं काय ते ज्याचं त्याने, तिथल्या तिथे, समोरच्याचं ऐकून. स्टोइकांवर ‘हे दैववादी आहेत’ असा आरोप होतो तेव्हा मला हे आठवतं. भूमिका दिलेली आहे, संवाद दिलेला नाही.

आता दगडासारखं घट्ट राहण्याबद्दल. स्टोइक माणसाला भीती वाटत नाही, राग येत नाही, असा सार्वत्रिक समज आहे. दुसऱ्या शतकातल्या ऑलस गेलियस नावाच्या रोमन लेखकाने एक प्रसंग लिहून ठेवलाय तो यावर चांगला उतारा आहे. तो जहाजाने इटलीतल्या ब्रिंडिसीकडे निघाला होता. रात्री वादळ झालं. त्याच जहाजावर एक नामवंत स्टोइक शिक्षक होता. गेलियस मुद्दाम त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. तो रडत-ओरडत नव्हता, पण चेहरा पांढराफटक पडला होता. वादळ शमल्यावर एका श्रीमंत प्रवाशाने टोमणा मारला, काय हो तत्त्वज्ञ, मी नाही घाबरलो आणि तुम्ही घाबरलात! नंतर गेलियसने शांतपणे कारण विचारलं तेव्हा शिक्षकाने पिशवीतून एपिक्टेटसच्या व्याख्यानांचं एक पुस्तक काढून दाखवलं.

त्यात सांगितलेलं थोडक्यात असं. अचानक काही आदळलं की पहिला धक्का शहाण्यालाही बसतो. तोंड उतरतं, अंगाला कंप सुटतो. ते विचाराच्या आधीच होऊन जातं, त्याला इलाज नाही आणि त्यात कमीपणाही नाही. फरक पुढच्या पायरीवर पडतो. धक्क्यासोबत मनात एक वाक्य येतं: ‘हे भयंकर आहे’. शहाणा त्या वाक्याला लगेच होकार देत नाही.

पट्टी उघडली, दर अपेक्षेच्या निम्मा. पोटात गोळा येतो. येऊ दे. पाठोपाठ वाक्य येतं, ‘व्यापाऱ्याने मला लुटलं’. इथे थांबायचं. हे खरं असू शकतं, नसूही शकतं. त्या दिवशी आवक किती होती, शेजाऱ्याच्या मालाला काय मिळालं, आपल्या पेटीत डागी फळं किती होती, हे बघितल्यावर त्या वाक्याला हो म्हणायचं की नाही ते ठरवायचं. खरंच लुटलं असेल तर भांडायचं, तक्रार करायची, पुढच्या वर्षी माल दुसरीकडे द्यायचा. स्टोइक भांडू नका म्हणत नाहीत. शहानिशा झाल्याशिवाय भांडू नका म्हणतात. विसाव्या शतकात अल्बर्ट एलिस आणि अ‍ॅरन बेक या अमेरिकेतल्या दोघांनी मानसोपचाराच्या ज्या पद्धती उभ्या केल्या त्यांत नेमकी हीच पायरी पकडलेली आहे, आणि दोघांनीही स्टोइकांचं ऋण उघड मान्य केलंय.

सगळ्यात जास्त कापला जाणारा भाग यानंतर येतो. स्टोइकांनी चार सद्गुण मानले: शहाणपण, न्याय, धैर्य, संयम. हल्लीच्या सांगण्यात धैर्य आणि संयम उरलेत, शहाणपण तोंडी लावायला, न्याय गायब. मार्कसचं एक प्रसिद्ध टिपण घ्या. सकाळी उठल्यावर स्वतःला सांग, आज मला लुडबुडे, कृतघ्न, उद्धट, कपटी लोक भेटणार आहेत. बहुतेक जण इथेच थांबतात आणि दिवसभर लोकांकडे नाक मुरडायला मोकळे होतात. मार्कस पुढे लिहितो की तेही माझेच नातलग आहेत. पाय, हात, पापण्या, वरचे-खालचे दात जसे एकमेकांसाठी, तशी आपण माणसं एकत्र काम करायला आहोत, एकमेकांच्या आड येणं निसर्गाच्या विरुद्ध आहे.

हे गणपतीच्या आदल्या दिवशी वाचण्यासारखं आहे. कोकणातल्या सातबाऱ्यावर एकेका गुंठ्याला वीस-वीस नावं. मुंबईहून चाकरमानी येणार, माळ्यावरची समई कुणी नेली यावरून विषय निघणार, तो मागल्या अंगणातल्या फणसावरून थेट आजोबांच्या वाटणीपत्रापर्यंत जाणार. हिअरोक्लीझ नावाच्या स्टोइकाने माणसाभोवती वर्तुळं कल्पिली होती: आपण, घर, नातलग, गाव, देश, सगळी माणसं. आणि बाहेरच्या वर्तुळातल्याला एक घर आत ओढत राहा, चुलतभावाला भाऊ म्हण, काकाला वडलांच्या जागी मान, असा सल्ला दिला होता. आपण चुलतभावाला भाऊ म्हणतोच. भांडतोही त्याच्याशीच. तेव्हा नुसत्या हाक मारण्याने भागत नाही हे हिअरोक्लीझला कळवायला हवं होतं. पण वहिनी काय बोलली ते हाताबाहेर, मी काय बोलतो ते हातात, आणि वर्षभर घराला कुलूप असताना कौलं कोण शाकारतो याची दखल घेणं हे न्यायाचं काम, इतपत तरी या विचाराने त्या रात्री ठरवता येतं.

न्यायाचा दुसरा चेहरा सार्वजनिक आहे. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं. श्रीवर्धन, दिवेआगर, दापोलीकडे नारळी-पोफळीच्या बागा एका दुपारी आडव्या झाल्या. पोफळ धरायला पाच-सात वर्षं लागतात, त्यामुळे नुकसान त्या वर्षापुरतं नव्हतं. ‘ठेविले अनंते’ म्हणून बसून राहणं आणि स्टोइक असणं एकच, असं ज्यांना वाटतं त्यांनी तो पावसाळा आठवावा. झाड पडणं हाताबाहेरचं होतं. पंचनामा होईपर्यंत फोटो काढून ठेवणं, शेजारच्या एकट्या म्हातारीचा अर्ज भरून देणं, वाट अडवणारी झाडं तोडायला सगळ्या वाडीने एकत्र येणं, हे सगळं हातातलं होतं. फळपीक विम्याचंही तसंच. पाऊस मोजणारं हवामान केंद्र महसूल मंडळात एका जागी असतं. अवकाळी तुमच्या डोंगरउतारावर पडला आणि केंद्रावर पडला नाही, तर कागदावर पाऊस झालेलाच नसतो. पाऊस हाताबाहेर. केंद्र वाढवून मागणं, ग्रामसभेत ठराव घेणं हाताबाहेर नाही. ते करायचा कंटाळा येतो एवढंच.

सरावाच्या गोष्टींपैकी मला सगळ्यात उपयोगाची वाटते ती आगाऊ विचार करून ठेवण्याची. फ्रान्समधलं लिऑन शहर एका रात्रीत जळालं तेव्हा सेनेकाने मित्राला पत्र लिहिलं, की जे घडू शकतं ते सगळं आधी मनासमोर आणायला हवं. न कल्पिलेलं संकट जास्त जड पडतं. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. त्यानंतर मे महिन्यात एक तास बसून ‘पाणी आलं तर’ असं मनात चालवून बघणं, दस्तऐवज आणि औषधं वरच्या फळीवर नेणं, गाडी कुठे लावायची ते ठरवणं, हा शुद्ध सेनेका आहे. याला काळजी म्हणू नये. काळजी तोच प्रश्न रात्री दोन वाजता पुन्हा पुन्हा विचारते; हा सराव तो एकदा, दिवसाउजेडी विचारतो, उत्तर लिहितो आणि उठतो.

दुसरा सराव रात्रीचा. दिवा मालवल्यावर, बायको गप्प झाल्यावर (तिला ही सवय माहीत होती, असं सेनेका लिहितो) तो दिवसभराचं बोलणं-वागणं तपासायचा आणि स्वतःला म्हणायचा, आजच्यापुरती माफी, पुन्हा असं करू नकोस. तिसरा, अधूनमधून चार दिवस साधं जेवण आणि जाडेभरडे कपडे वापरून ‘याचीच भीती वाटत होती का?’ असं विचारायचं. पेज आणि भाजलेला बांगडा खाणाऱ्या माणसाला याचं अप्रूप वाटणार नाही. बांगडाही महागलाय, हे वेगळं.

इथवर येईपर्यंत बऱ्याच जणांनी मनात म्हटलं असेल, हे तर गीतेत आहे. साम्य आहेच, कर्मावर हक्क आणि फळाचा आग्रह नाही. पण पाया वेगळा आहे. स्टोइकांकडे अमर आत्मा आणि मोक्ष यांवर भिस्त नाही. त्यांचा देव म्हणजे या सृष्टीतच भिनलेली बुद्धी, आणि माणसाने त्या बुद्धीप्रमाणे वागावं म्हणजे झालं. दोन्ही वाचावं, एकाला दुसऱ्याची नक्कल ठरवण्यात काही मिळत नाही.

मर्यादाही सांगायला हव्यात. सेनेकाने गुलामांना माणसासारखं वागवा असं सुंदर पत्र लिहिलं, पण गुलामगिरी मोडा असं तो किंवा पंथातला दुसरा कुणी म्हणाला नाही. मन सांभाळण्यात तरबेज झालेली माणसं व्यवस्था तशीच राहू देतात, हा धोका खरा आहे. आणि ज्याला महिनोन्‌महिने झोप नाही, कशातच मन लागत नाही, त्याला एपिक्टेटस वाचायला देऊ नये. डॉक्टरकडे न्यावं. मार लागलेल्या बाईला ‘तुझी प्रतिक्रिया तुझ्या हातात’ असं सांगणं हे तत्त्वज्ञान नव्हे, क्रूरपणा आहे.

वाचायचं असेल तर एपिक्टेटसची पुस्तिका ५३ छोट्या कलमांची आहे, एसटीच्या एका प्रवासात संपते. तिसरं कलम पहिल्या फेरीत सोडलं तरी चालेल. मुलाला जवळ घेताना ते मर्त्य आहे हे आठवा, असं त्यात आहे आणि नव्या वाचकाला ते उगाच बिचकवतं. सेनेकाची पत्रं त्याहून गप्पिष्ट, कुठूनही उघडा. मार्कसची टिपणं बारा भागांत आहेत आणि लोक पहिला भाग ओलांडून दुसऱ्यापासून सुरू करतात, कारण पहिल्यात नुसती नावं आहेत: आजोबा, आई, गुरू, दत्तक वडील, मित्र, आणि प्रत्येकाकडून आपण काय शिकलो त्याची नोंद. तो भाग गाळू नका. बाकीचे अकरा भाग ज्या माणसाने लिहिलेत तो कुणाकुणाच्या हातून घडला, ते तिथेच कळतं.